एल-फोर एल-फाइव्हचे अण्णा

आमच्या सोसायटीतल्या अण्णांना 'कसे आहात?' असं सहज विचारू नये. 'कमरेत एल-फोर एल-फाइव्हला बल्ज, त्याच्या खाली नस जरा दबलीय, आणि मानेत सी-फाइव्ह सी-सिक्स,' असं ते पत्ता सांगावा तसं सांगतात, आणि आपल्या हातातली दुधाची पिशवी कोमट होते.

एमआरआयच्या फिल्म्स त्यांच्याकडे वर्षवार लावलेल्या आहेत. शेवटी जन्म बँकेच्या नोकरीत गेला. आल्यागेल्याला त्या फिल्म्स बाल्कनीच्या उजेडात धरून दाखवतात. २०१५ साली अशा तपासण्यांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता. पाठ अजिबात न दुखणाऱ्यांतही विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या दिसल्या. मी हे अण्णांना सांगून पाहिलं.

"अरेरे," ते म्हणाले, "म्हणजे बिचाऱ्यांना कळतच नाहीये!"

कापाकापी मात्र त्यांना मंजूर नाही. ऑपरेशन करून घेतलेल्या माणसाकडे ते घाईने एफडी मोडणाऱ्या खातेदाराकडे पाहावं तसं पाहतात. बाकी ट्रॅक्शन झालं, कपिंग झालं. कटिबस्ती झाली, कमरेवर उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात कोमट तेल, की अण्णा तासभर गप्प. काकू म्हणतात, पैसे तिथेच वसूल झाले. एपिड्युरलच्या सुईने काही आठवडे पाय हलका झाला. मग रेडिओफ्रिक्वेन्सी. मणक्याच्या सांध्यातली कळ वर पोचवणारी बारीक नस सुईच्या टोकाने ऐंशी अंशांवर दीडेक मिनिट भाजतात. "आणि संध्याकाळी घरी येऊन वरणभात!" हे वाक्य ते उभं राहून म्हणतात.

पाठीचं बरंचसं दुखणं आपसूक चढतं आणि आपसूक उतरतं. उतरताना जो उपचार चालू असेल त्याला अण्णा श्रेय देतात, चढलं की नवा डॉक्टर शोधतात.

एक उपचार मात्र हुकला, त्याची हळहळ अजून आहे. १९५६ मध्ये लुईस थॉमस या अमेरिकी डॉक्टरने सशांना पपईच्या चिकातलं पपेन टोचलं, तर त्यांचे ताठ कान लोंबू लागले. आतली कूर्चा मऊ पडली होती. ते वाचून लायमन स्मिथ या हाडांच्या डॉक्टरने साठच्या दशकात पपईतलंच दुसरं द्रव्य माणसाच्या सरकलेल्या चकतीत टोचलं. १९८२ साली अमेरिकेत त्याला रीतसर परवानगीही मिळाली. पुढे काहींना भयंकर ॲलर्जी झाली आणि कालांतराने ते औषध बाजारातून गेलं. "नेमकी तेव्हा माझी पाठ ठणठणीत होती," अण्णा म्हणतात. काकू पपई चिरायला बसल्या, की ते शेजारी येऊन बसतात.

या सगळ्या उपचारांत अण्णांना आवडण्यासारखं काय आहे, ते मला उशिरा उमगलं. पालथं पडायचं, पुढचं दुसऱ्याने करायचं. नातीच्या वयाच्या एका फिजिओथेरपिस्टने नेमकं तेच बिघडवलं. पालथं झोपून कोपरांवर छाती उचला, म्हणाली, आणि रोज अर्धा तास चाला.

"मशीन कुठलं लावणार?"

"मशीन नाही, आजोबा."

"मग तू काय करणार?"

"मी मोजणार."

अण्णांनी फी दिली, व्यायामाचा कागद लॅमिनेट करून घेतला आणि त्याच्या झेरॉक्स सोसायटीभर वाटल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तो नेमाने करतात, आता गच्चीवर पापड वाळत घालायला स्वतः चढतात. वॉचमनची मानही सुटली. दोघंही अण्णांचे पाय धरायचे बाकी आहेत.

"आणि तुम्ही करता का हो, अण्णा?"

"मला कुठला वेळ?" ते गळ्याची कॉलर नीट करत म्हणाले. "मंगळवारी लेझर, गुरुवारी सुया, आणि शनिवारी तुझ्या मेहुण्याचा एमआरआय बघायचाय. फिल्म आणायला सांग, नुसता रिपोर्ट नको."