उसन्या चेहऱ्यांचे राज्य

जेथे कोणाचाही कर्जाचा हप्ता थकलेला नाही, सासूसुनांत मतभेद नाहीत आणि सकाळी नळाला पाणी आले नाही म्हणून कोणाचा चेहरा उतरलेला नाही, असा एक प्रदेश खरोखरच अस्तित्वात असून त्याचे दर्शन आम्हांस दिवसातून अनेकदा मोबाइलच्या पडद्यावर घडत असते. या प्रदेशास जाणकार लोक स्टॉक फोटो असे म्हणतात. तेथील कुटुंबे चौकोनी असतात, डॉक्टर छातीवर हाताची घडी घालून रोग्याविना उभे असतात, आणि कचेरीतील चार माणसे एकाच लॅपटॉपमध्ये डोकावून हसत असतात. मार्चअखेरीस लॅपटॉपमध्ये जे दिसते ते पाहून हसणारा मनुष्य आमच्या पाहण्यात अद्याप आलेला नाही, ही गोष्ट अलाहिदा.

या प्रदेशातील रहिवाशांना उचलून आणणे हा आपल्याकडे आता प्रतिष्ठित धंदा झालेला आहे. तालुक्याच्या गावीदेखील फ्लेक्सच्या दुकानामागे एक अरुंद खोली असते, तीत दोन संगणक असतात, आणि दारावर ‘डिजिटल मार्केटिंग’ अशी पाटी असते. गिऱ्हाईक फोनवरून फर्मावते, “एक बाई टाका, हसणारी, आपल्यातली वाटली पाहिजे,” आणि चहा येण्यापूर्वी बाई हजर होते. ती कोठून आली, असे पुसले असता संगणकावरील तरुण “गूगलवरून घेतली” असे उत्तर देतो, आणि ते देताना त्याच्या मुद्रेवर नुकतेच खरेदीखत नोंदवून आलेल्या इसमाचे समाधान असते. एका मंगल कार्यालयाच्या फलकावर आम्ही अशीच एक नववधू पाहिली. तिच्या कपाळापासून शालूच्या निऱ्यांपर्यंत, चित्र विकणाऱ्या परदेशी कंपनीचे नाव धुरकट अक्षरांत तिरके उमटलेले होते, आणि तिच्या पायाशी ठळक टायपात छापले होते: ‘आमची कोठेही शाखा नाही.’

वस्तुतः या बाबतीत कायदा मुग्ध नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारा, असे स्वच्छ सांगून ठेवलेले आहे. त्या छायाचित्रावरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात ६० वर्षे टिकतो. आणि धंद्यासाठी जाणूनबुजून तो डावलणाऱ्यास कलम ६३ अन्वये ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद व ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्यांना कायद्याची भाषा रुक्ष वाटते त्यांनी सातबाऱ्याचा उतारा डोळ्यांपुढे आणावा. छायाचित्रकार हा मूळ मालक, फोटो विकणारी संस्था ही त्याची मुखत्यार, आणि पैसे भरून फोटो वापरणारा केवळ कूळ. मात्र येथे कूळकायदा लागू नसल्यामुळे दहा वर्षे तोच फोटो फलकावर टांगून ठेवला तरी कुळाचे नाव मालकाच्या रकान्यात चढत नाही. आणि उताऱ्यावर ‘इतर अधिकार’ नावाचा जो एक रकाना असतो व जो जमीन घेताना कोणी वाचत नाही, त्या रकान्यात ज्याचा चेहरा फोटोत आहे तो मनुष्य उभा असतो.

परवान्यांचे प्रकारही पुष्कळ आहेत. ‘रॉयल्टी-फ्री’ नावाच्या परवान्यात एकदा किंमत मोजली की अटींच्या मर्यादेत त्याच चित्राच्या पुढील प्रत्येक वापरासाठी पुन्हा मोजावी लागत नाही. आमच्या जाहिरातदारांनी याचा अर्थ पहिल्या खेपेसही मोजावी लागत नाही, असा लावून घेतलेला आहे. ‘केवळ संपादकीय वापरासाठी’ असा शेरा असलेले चित्र बातमीस चालते, साबणाच्या जाहिरातीस चालत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बहुतेक परवान्यांत कर्त्याचे नाव देणे एवढे तरी मूल्य असतेच, आणि तेही भरण्याची आपली तयारी नसते. अनस्प्लॅशसारखी संकेतस्थळे चित्रे विनामूल्य देतात, पण चित्रातील माणसाच्या संमतीची हमी त्या सौद्यात येत नाही. ती संमती लेखी घ्यावी लागते, तिला या व्यवसायात मॉडेल रिलीज म्हणतात. आणि ती घेतलेली असली तरी चित्रातील मनुष्य रोगी आहे किंवा अमुक राजकीय पक्षाचा पुरस्कर्ता आहे, असे भासविण्यास मोठ्या कंपन्यांच्या अटींत मनाई असते. या अटी बारीक टायपात असतात. निवडणुकीच्या धामधुमीत बारीक टाइप वाचण्याइतकी दृष्टी कोणास उरते?

परंतु दोन संगणकांच्या खोलीतील त्या तरुणास दोष देण्यास आमची लेखणी धजत नाही, कारण त्याच्यापुढे आदर्श थोर आहेत. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०१६-१७ च्या वार्षिक अहवालात भारतीय सीमेवरील लखलखीत दिव्यांचे म्हणून जे छायाचित्र छापले गेले, ते स्पेन आणि मोरोक्को यांच्या सीमेचे निघाले. २०२१ च्या सप्टेंबरात उत्तर प्रदेशाच्या प्रगतीची जी पूर्ण पृष्ठाची जाहिरात प्रसिद्ध झाली तीत कोलकात्याचा उड्डाणपूल पिवळ्या टॅक्सीसकट अवतरला, आणि ती चूक आपल्या विपणन विभागाची, असे वृत्तपत्राने सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरात जेवर येथील नियोजित विमानतळाचे म्हणून केंद्रातील काही मंत्र्यांनी जे चित्र प्रसृत केले, ते बीजिंगच्या दाशिंग विमानतळाचे होते. पूल आणि विमानतळ ही स्थावर मिळकत असल्यामुळे तक्रार घेऊन कोणाच्या दारी येत नाहीत, म्हणून हे प्रकरण हसण्यावारी नेता येते.

माणसांचे तसे नाही. २०२१ च्या प्रारंभी बंगालमध्ये पंतप्रधान आवास योजनेच्या जाहिरातीत, आपणास हक्काचे घर मिळाल्याच्या आनंदात जी स्त्री झळकली, ती कोलकात्यात भाड्याच्या एका खोलीत राहत असल्याचे बातमीदारांना आढळले. जुलै २०२४ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात ज्येष्ठांच्या तीर्थदर्शन योजनेची जाहिरात निघाली, आणि शिरूर तालुक्यातील एका कुटुंबास तीत सुमारे तीन वर्षांपासून बेपत्ता असलेले आपले वडील दिसले. घरच्यांना जो मनुष्य सापडत नव्हता तो प्रसिद्धीस सापडला होता. फक्त तो कोठे सापडला, हे प्रसिद्धीस सांगता येत नव्हते.

या सर्वांहून चिंतनीय प्रकरण २०२५ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. एका स्त्रीची तक्रार अशी की, एका छायाचित्रकाराने काढलेला तिचा फोटो तिच्या संमतीवाचून शटरस्टॉक या फोटो विकणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर गेला आणि तेथून महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा व ओडिशा या राज्यांची सरकारे, केंद्राचे ग्रामविकास मंत्रालय आणि काँग्रेस पक्ष यांनी तो आपापल्या जाहिरातींत वापरला. न्यायालयाने हा प्रकार सकृद्दर्शनी व्यापारी शोषणाचा दिसतो, असे मत नोंदवून प्रतिवादींकडून उत्तरे मागविली. वाचकांनी या यादीवर क्षणभर दृष्टी स्थिर करावी. बेळगाव कोणाचे, या प्रश्नावर महाराष्ट्र आणि कर्नाटक २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात उभे आहेत. परंतु सुखी ग्रामीण स्त्री कोणाची, या प्रश्नावर त्यांच्यात तिळमात्र वाद नाही, कारण ती दोघांचीही आहे. ज्या राष्ट्रीय एकात्मतेसाठी आम्ही इतकी वर्षे परिषदा भरविल्या, ती एका संकेतस्थळाने माफक दरात साधून दिली. यांपैकी कोणी रीतसर पैसे भरले असतील तर त्यांच्या दप्तरी पावतीही असेल. त्या पावतीवर त्या बाईचे नाव असण्याचे कारण नाही. आपला चेहरा आपल्या परवानगीविना जाहिरातीस जुंपला जाऊ नये, हा खासगीपणाच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली राजगोपाल खटल्यात म्हटले होते. पण निकालपत्रे टायपात असतात आणि जाहिराती रंगांत.

गंमत अशी की, यावरील तोडगा खर्चिक नाही. प्रत्येक तालुक्यात लग्ने टिपणारा एक छायाचित्रकार असतो आणि त्याच्याजवळ हल्ली ड्रोनसुद्धा असतो. त्यास मेहनताना देऊन फोटो काढून घेतला तर, उलट करार नसल्यास, कलम १७ अन्वये त्या फोटोचा पहिला मालक तो काढवून घेणाराच ठरतो. आणि फोटोतील व्यक्तीस तो कशासाठी वापरणार हे तिच्या भाषेत समजावून एका कागदावर सही घेतली की ‘इतर अधिकारां’चा रकानाही निकालात निघतो. अडचण एवढीच की, यासाठी प्रथम योजनेचा खरा लाभार्थी शोधावा लागतो, तो घरी असावा लागतो, आणि फोटोच्या वेळी हसावा लागतो. तिसरी अट पुष्कळदा पहिल्या दोहोंवर अवलंबून असते.

म्हणून प्रसिद्धी खात्यांची दृष्टी आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळली असल्यास नवल नाही. तेथेही मूळ मालकांची सावली सुटलेली नाही. फोटो विकणाऱ्या गेटी इमेजेसने २०२३ मध्ये यंत्राकडून चित्रे काढवून देणाऱ्या स्टॅबिलिटी एआय या कंपनीवर दावा लावला तेव्हा यंत्राने ‘नव्याने’ काढलेल्या काही चित्रांत गेटीचाच शिक्का वेडावाकडा उमटलेला होता. पण तो तपशील वकिलांनी पाहावा. यंत्राने घडविलेल्या शेतकऱ्याला क्वचित सहावे बोट असते, बैलाचे एक शिंग जोखडात विरघळलेले असते. परंतु हा शेतकरी भाड्याच्या खोलीत राहत नाही, घरातून बेपत्ता होत नाही, उच्च न्यायालयात जात नाही, आणि अनुदान कधी जमा होणार असे विचारण्यासाठी बँकेच्या खिडकीपाशी ताटकळत उभाही राहत नाही. इतका समाधानी नागरिक कोणत्याही सरकारच्या वाट्यास आजवर आलेला नव्हता. त्याचे नाव मतदारयादीत नाही एवढीच काय ती उणीव, आणि तीही कोणीतरी कर्तव्यदक्ष अधिकारी यथावकाश दूर करील.