शुभेच्छा कशा दुमडाव्यात : किनवट परिसरासाठी मार्गदर्शन

हाताने शुभेच्छापत्र बनवायला बसणाऱ्याने आधी एक कटू सत्य पचवावे: आतला मजकूर कोणी वाचत नाही. दिवाळीच्या पत्रात दिवाळी सुखाची जावो असेच असणार. ती दुःखाची जावो असे नातेवाईक लेखी कळवत नाहीत, मनात काय असेल ते असो. वाढदिवसाच्या शुभेच्छा हार्दिकच असतात. जो मजकूर पत्र उघडण्याआधीच पाठ आहे, त्याच्यासाठी चांगला कागद खर्ची घालणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी. शिवाय तोच मजकूर आता पणतीच्या चित्रासकट भल्या पहाटेपासून सगळ्या ग्रुपांवर फुकट येतो, आणि पाठवणाऱ्याचा अंगठासुद्धा दमत नाही. तेव्हा विचारी माणसाने मजकुराचा नाद सोडून घडीकडे वळावे. घडी फॉरवर्ड करता येत नाही. कागदावरची प्रत्येक दुमड कोणीतरी दुसरे काम बाजूला ठेवून घातलेली असते, आणि त्याचा पुरावा कागद स्वतःच सांभाळतो. एकदा पडलेली घडी इस्त्री फिरवूनही पुरती जात नाही. या मार्गदर्शनाचा सगळा डोलारा एवढ्या एका मुद्द्यावर उभा आहे.

पुण्यामुंबईच्या माणसाला हा मुद्दा पटवून द्यावा लागेल. किनवट तालुक्यात तो दर दसऱ्याला सिद्ध होतो. आपट्याचे पान म्हणजे मधल्या शिरेवर निसर्गानेच अर्धवट दुमडून दिलेले शुभेच्छापत्र. त्यावर एक अक्षर नसते, तरी ते उलटून पालटून ‘मजकूर कुठाय?’ असे विचारणारा अजून जन्माला यायचाय. बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचनाची पाने सर्रास खपतात, हीसुद्धा आमच्याच बाजूची साक्ष. आकार जुळला की सोने पास होते. पुढचा साक्षीदार पळस. पळसाला पाने तीनच, पण त्याच पानांचा द्रोण जाणत्या हातांनी वळला की त्यात ऊन ऊन वरण ओतले तरी गळत नाही. कागदाच्या घड्या घालणारे कलावंत जगभर आहेत; त्यांच्यापैकी कितींनी ही परीक्षा वरणासकट दिली आहे, हे एकदा विचारायला हवे. तेंदूच्या पानाची विडी एक दोरा आणि टोकाची दुमड एवढ्यावर बंद राहते, डिंकाचा टिपूसही लागत नाही. विड्याचा त्रिकोण एका लवंगेने मिटतो. लिफाफ्याच्या सर्व जातींत सुवासिक अशी ही एकच. जिथे पान दुमडण्याचे शिक्षण जन्मापासून मिळते, तिथे शुभेच्छापत्र मात्र नांदेडहून तयार आणायचे, याला काय म्हणावे?

घडीचा अनुभव किनवटला नकाशावरही आहे. हैदराबाद राज्यात हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडच्या बाजूला दुमडला गेला, आणि १९६० साली तो सगळा कागदच महाराष्ट्रात आला. वापरून वापरून नकाशा पहिल्यांदा फाटतो तो घडीच्या रेघेवर. कडेच्या तालुक्यांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

आता कृती. दुकानात कार्डशीट घेताना ती आडवी आणि उभी अशी दोन्हीकडून हलकेच वाकवून पाहावी. दुकानदार बघू लागला तर चेहरा गंभीर ठेवावा, हे शास्त्र आहे. यंत्रावर बनलेल्या कागदाचे तंतू बरेचसे एकाच दिशेने पडलेले असतात. ज्या बाजूने कागद मुकाट वाकतो ती घडी तंतूंच्या रेषेत येते आणि तिची कड गुळगुळीत राहते. तंतूंना आडवी घातलेली घडी कडेला तडकते, रंगीत कागद असेल तर आतला पांढरा दिसू लागतो. हातकागदात ही कटकट कमी, कारण त्यात तंतू कसेही विखुरलेले असतात. (दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात असा कागद शतकानुशतके बनत आला आहे, त्यामुळे मराठवाड्याचा आणि कागदाचा संबंध फक्त अर्ज आणि पंचनाम्यापुरता आहे, असे कोणी म्हणू नये.) घडीच्या जागी आधी पट्टी लावून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यावी. असे पेन घरात शोधावे लागत नाही, चालू पेन शोधताना तेच हाती येते. धावड्याचा डिंक लाडवांसाठी राखून ठेवावा आणि पत्राला फेव्हिकॉल वापरावा, तोही टिपूसभर. जास्त झाला तर पातळ कागद सुरकुततो. पावसाळ्यात सगळेच बेत सैल पडतात. कागद हवेतली ओल पितो, फुगतो आणि रात्री घट्ट मिटवून ठेवलेले पत्र सकाळी तोंड उघडून बसलेले सापडते. वर जाड पुस्तक ठेवावे. घरात न वाचलेले जाड पुस्तक असतेच.

आकारासाठी बदामाचा आग्रह सोडावा. किनवटला शोभेल असा विषय सहस्रकुंडाचा. पैनगंगेचा हा धबधबा नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर आहे, म्हणजे पत्राची मधली घडी कुठे घालायची हा प्रश्न महसूल खात्याने आधीच सोडवलेला आहे. कागद मधोमध दुमडावा, घडीच्या कडेपासून आत कमीजास्त लांबीच्या समांतर चिरा द्याव्यात, मग पत्र थोडे उघडून मधल्या पट्ट्या एकेक करून आत ढकलाव्यात. पत्र उघडताच पायऱ्यापायऱ्यांनी पाणी उभे राहते. इथला नियम मात्र मोडू नये: चीर पानाच्या रुंदीच्या निम्म्याहून आखूडच हवी. पट्टी आत वळली की तिचे टोक घडीपासून चिरेच्या दुप्पट अंतरावर जाते, त्यामुळे चीर लांबली की मिटलेल्या पत्रातून धबधबा बाहेर डोकावतो आणि आश्चर्याची सगळी तयारी वाया जाते. एप्रिल-मे महिन्यांतल्या वाढदिवसांसाठी पट्ट्या दोनच ठेवाव्यात. भूगोलाशी प्रामाणिक राहावे. वाड्याच्या दाराची घडी त्या मानाने सोपी. दोन्ही बाजूंनी कागदाचा पाव-पाव भाग आत घ्यायचा, कडा किंचित कातरायच्या, नाहीतर दारे एकमेकांवर चढतात.

हे जमले की मिउरा घडीला हात घालावा. कोर्यो मिउरा या जपानी अंतराळ अभियंत्याने शोधलेली ही घडी १९९५ साली जपानच्या एका उपग्रहावर सौरपट्ट मिटवून नेण्यासाठी वापरली गेली. तिरक्या चौकोनांची नागमोडी रांग पडते आणि समोरासमोरचे दोन कोपरे ओढले की अख्खा कागद एका दमात उघडतो. इथे पहिला आक्षेप येतो: काका चष्मा शोधतील, भलताच कोपरा ओढतील आणि पत्र फाडतील. फाडतील, मान्य. पण आंतर्देशीय पत्र कुठून उघडायचे हे त्यावर छापलेलेच असते, तरी लोकांनी ते शेवटच्या दोन ओळींसकट फाडले, आणि पैशाची मागणी नेमकी त्याच ओळींत असायची. तेव्हा फाटण्याचे खापर एकट्या घडीवर फोडता येणार नाही. उलट मिउरा घडी फाटली तर निदान दोघांच्या बोलण्याला विषय मिळतो.

दुसरा आक्षेप टपालाचा, आणि तो वजनदार आहे. ए-फोर आकाराचा कागद एका चौरस मीटरचा सोळावा हिस्सा असतो, म्हणून तीनशे जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅमची, एक शीट १८.७५ ग्रॅम भरते. साध्या पत्राच्या दराचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. म्हणजे लिफाफा, डिंक आणि प्रेम या तिन्हींसाठी मिळून सव्वा ग्रॅम उरतो. यावर दोन तोडगे आहेत. एक, दोनशे जीएसएमचा कागद घ्यावा. तो साडेबारा ग्रॅममध्ये आटोपतो आणि दुमडायलाही बरा. दुसरा, मुदखेड-आदिलाबाद मार्गावरून कोणी ओळखीचे गाडीने जाणार असेल त्याच्या हाती पत्र द्यावे. तो त्यावर बसेल, हे गृहीत धरून घडी पूर्ण सपाट मिटणारी निवडावी. लग्नपत्रिकांना मात्र हा सगळा खटाटोप लागू करू नये. त्यांना चार कोपऱ्यांना हळदीकुंकू लागले की पुरे, आणि दीडशे दोनशे मिउरा घड्या घालायला बसवले तर वधूपक्षच लग्न मोडेल.

शेवटचा आक्षेप सर्वांत खरा आहे. एवढ्या वेळात माणूस प्रत्यक्ष भेटून आला असता. आला असता, यावर युक्तिवाद करणे अवघड आहे, आणि ज्याला भेटणे शक्य आहे त्याने भेटावेच. पण भेटायला आलेल्या माणसाला चहा करावा लागतो, त्याच्या मुलाच्या मार्कांची चौकशी करावी लागते, आणि तो उठेपर्यंत मालिका बंद ठेवावी लागते. पत्राला यातले काही लागत नाही. शिवाय भेटीत दिलेला वेळ दोघांच्याही आठवणीवर अवलंबून असतो, घडीतला वेळ बोटाने चाचपून मोजता येतो. यात एक धोका आहे खरा: घडी फार चांगली साधली तर सगळे घडीचेच कौतुक करतात आणि वाढदिवस कोणाचा होता ते राहूनच जाते. म्हणून नवशिक्याने एका पत्रात एकच करामत करावी, आणि ती करताना ज्याला पत्र जायचे त्याचे नाव आत कुठेतरी लिहावे. मजकुराविषयी आपण जे काही म्हटले ते नावाला लागू नाही.

स्वतः जाऊन हाती देण्याच्या पत्रासाठी सपाट मिटण्याची अट उरत नाही, तेव्हा तिथे घडी अशी निवडावी की एकदा उघडल्यावर ती घरच्यांना परत घालता येऊ नये. असे पत्र लिफाफ्यात परत जात नाही, वहीत मावत नाही, रद्दीच्या गठ्ठ्यातही नीट बसत नाही, त्यामुळे ते कुठेतरी उभे करून ठेवणे भाग पडते. टीव्हीशेजारची जागा उत्तम. तिथे आधीच एखाद्या सत्काराचे स्मृतिचिन्ह असेल तर ते सरकवायला सांगावे, संकोच करू नये.