तीन सिलिंडरवर

चार सिलिंडरची गाडी तीन सिलिंडरवरही चालते, आणि ही गोष्ट ती मालकापासून होता होईल तितकी लपवून ठेवते. चौघांतल्या एकाने काम टाकलं तरी बाकीचे तिघं ओढत राहतात. गाडी सुरू होते, वळते, थांबते, पेट्रोल तर पहिल्यापेक्षा जास्तच पिते. फक्त अंगातून एक बारीक थरथर जात राहते. आपल्याकडे ही थरथर ओळखणं आणखी अवघड, कारण थरथरण्याचं पहिलं श्रेय आपण रस्त्याला देऊन टाकतो. रस्ता सुधारला की संशय पंपावरच्या पेट्रोलवर जातो, मग एसीवर, मग मनातल्या मनात मागच्या सीटवरच्या पाहुण्यांच्या वजनावर. एके दिवशी सिग्नलला गाडी उभी असते, चाकांखालचा रस्ता निपचित पडलेला असतो, पाहुणेही केव्हाच आपापल्या गावी पोचलेले असतात, आणि तरीही हाताखाली गिअरची मूठ शहारत असते. तेव्हा कुठे संशय बॉनेटखाली सरकतो.

त्या बॉनेटखाली एरवी काय चाललेलं असतं, याची कल्पना केली की थरथर उशिरा कळल्याची खंत वाटेनाशी होते. निकोलाउस ओटो या जर्मन गृहस्थाने १८७६ मध्ये चार टप्प्यांचं इंजिन चालवून दाखवलं. हवा आणि इंधन आत घ्यायचं, दाबायचं, पेटवायचं, धूर बाहेर टाकायचा, हा त्याने घालून दिलेला क्रम पेट्रोलची इंजिनं आजही पाळतात. चार सिलिंडर असले तर बहुतेक इंजिनांत ते एक, तीन, चार, दोन अशा क्रमाने पेटतात. गाडी नुसती उभी असते, मिनिटाला आठशे फेरे एवढ्या संथ चालीत, तेव्हाही मिनिटाला सोळाशे ठिणग्या पडलेल्या असतात. भजनात चार टाळकरी एकापाठोपाठ एक टाळ मारत असावेत आणि त्यातल्या एकाला डुलकी लागावी, तसं हे ‘मिसिंग’, म्हणजे एका सिलिंडरचं पाळी चुकवणं, असतं. भजन थांबत नाही. पण दर आवर्तनात एका जागी पाऊल खड्ड्यात गेल्यासारखं होतं. आणि दुखणं शोधायचं म्हणजे झालेलं काही शोधायचं नसतं, जे झालंच नाही ते शोधायचं असतं.

हे न झालेलं ऐकणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. आमच्या अण्णांची गाडी जुनी होती आणि घरात तिची तब्येत हा रोजच्या बोलण्यातला विषय होता. कराडच्या ज्या गॅरेजमध्ये ती जायची, तिथले मिस्त्री सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून उभे राहत. धूर हातावर सारखा आपटला तर ठीक, मध्येच एक ठोका गळाला, तर मान न वळवता म्हणत, “मिसिंग मारतंय की ओ!” मग बॉनेट उघडून, मूठ नीट गुंडाळलेल्या पकडीने ते चालू इंजिनवरची प्लगची एकेक वायर उपटून पाहत. पहिली उपटली की इंजिन कण्हायचं, आवाज खाली बसायचा. परत लावली की सावरायचं. दुसरी, तेच. तिसरी उपटली आणि इंजिनला काहीच वाटलं नाही, तर दोषी तोच. ज्याच्या जाण्याने फरक पडत नाही तो आधीच गेलेला आहे, असा हा न्याय. यातली खोच अशी, की एका नाकर्त्याला पकडण्यासाठी कष्टाळूंना आळीपाळीने त्रास द्यावा लागतो. चांगल्या सिलिंडरची वायर निघाली आणि गाडी कण्हली, की अण्णांचा चेहरा कसनुसा व्हायचा, ते मिस्त्रींना म्हणायचे, “झालं ना, लावा आता परत.” आणि तिसऱ्याच्या वेळी सगळं शांत राहिलं, की त्यांना हायसं वाटण्याऐवजी त्या मुक्या सिलिंडरचीच दया यायची.

त्या काळच्या गाडीत चौघांना मिळून कॉइल एकच असे. ती ठिणगीचा जोर तयार करी आणि डिस्ट्रिब्युटर तो पाळीपाळीने चौघांना वाटी. तिची परीक्षा पाहण्यासारखी होती. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतली मधली जाड वायर काढायची, तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून थोडं दूर धरायचं आणि ओरडायचं, “सेल्फ मारा!” अण्णा आत बसून सेल्फ मारत, आणि त्या मोकळ्या जागेतून टक् टक् करत ठिणगी उडी मारी. निळी आणि जाड असली तर कॉइल ठणठणीत. पिवळट, बारीक, कशीबशी पडणारी असली तर तिचे दिवस भरत आलेले. पण भर उन्हात ठिणगीचा रंग दिसत नाही. म्हणून मला छत्री घेऊन सावली धरायला उभं केलं जाई. ऐन मे महिन्यात, आभाळात ढग नसताना, गाडीच्या पोटावर छत्री धरून उभा राहिलेला मुलगा बघून रस्त्यावरची माणसं काय समजत असतील देव जाणे. मला मात्र तेव्हा आपल्यावाचून कराडची वाहतूक अडेल असं वाटे.

गॅरेजमधल्या पोऱ्याची परीक्षा याहून सोपी होती. तो वायरला हात लावायचा, दचकून मागे उडायचा आणि हसत सांगायचा, “करंट येतोय!” ही रीत अडाणी म्हणून हसण्याआधी तिचं घराणं पाहावं. निकोलस कॅलन नावाच्या धर्मगुरूने १८३६ मध्ये आयर्लंडमधल्या मेनूथच्या कॉलेजात अशी कॉइल बनवली. आतून जाड तारेचे थोडे वेढे, त्यावर बारीक तारेचे पुष्कळ. जोर किती हे मोजायला त्याच्याजवळ धड साधन नव्हतं, म्हणून तो विद्यार्थ्यांना झटके देऊन अंदाज घेई. एक-दोघे बेशुद्ध पडल्यावर ते बंद झालं आणि पाळी टर्की पक्ष्यांवर आली, असं सांगतात. पुढे पॅरिसचा कारागीर रुमकॉर्फ याने ही कॉइल इतकी सुधारली की १८६४ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने त्याला पन्नास हजार फ्रँक बक्षीस दिलं आणि कॉइलला त्याचंच नाव चिकटलं. बिचारा कॅलन मागे राहिला. कराडच्या पोऱ्याला या दोघांचीही नावं माहीत नव्हती, पण परंपरा त्याने अंगावर घेतलेली होती. (आताच्या कॉइलवर मात्र हा प्रयोग कुणी करू नये. त्या फार जोरकस असतात, आणि झटक्याने हात मागे उडून फिरत्या पंख्यात गेला तर वेगळाच मिस्त्री लागतो.)

कॉइलचा स्वभाव मला नेहमी विलक्षण वाटत आला आहे. बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह तिच्या जाड तारेतून मुकाट वाहत असतो तोवर ठिणगी पडत नाही. तेवढ्या वेळात तिच्या लोखंडी गाभ्याभोवती चुंबकत्व साठत जातं, इतकंच. प्रवाह तोडला की ते एका क्षणात कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत वीस-तीस हजार व्होल्ट उभे राहतात. फॅरेडेने १८३१ मध्ये हे गुपित उघडं केलं होतं: वीज चुंबकत्वाच्या असण्यातून निघत नाही, त्याच्या बदलण्यातून निघते. म्हणजे आपण सासुरवाडीला जातो, मुलांना शाळेत सोडतो, देवदर्शन करून येतो, ते सगळं एका सारख्या तुटणाऱ्या प्रवाहाच्या जिवावर. पूर्वी ही तोडणी डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटांवर चाले. ते काजळले की पॉलिश पेपरने घासायचे, त्यांच्यातली फट नजरेने जमवायची, ही मिस्त्रींची खरी विद्या. मुंबईची शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्या काळ्यापिवळ्या रंगावर हळहळून लिहिलं. ती फट जमवणाऱ्या बोटांवर कुणी फारसं लिहिलं नाही.

आता प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉइल बसवलेली असते. जुनी एकुलती एक गेली की गाडी जागच्या जागी बसायची, शंकेला जागा नसायची. आता एक गेली तर तिघींना पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो संगणकाला. दर ठिणगीनंतर क्रँकशाफ्टचा वेग किती वाढला हे तो मोजत असतो, आणि एकाच्या पाळीला वेग वाढला नाही की इंजिनचा पिवळा दिवा लावतो. स्कॅनर जोडला की पी ०३०२ असा आकडा येतो, म्हणजे दुसरा सिलिंडर चुकतोय. मिस्त्रींचा मुलगा हा आकडा मोबाइलवर वाचतो. वाचून झाल्यावर तो जे करतो त्यात मात्र मला त्याच्या वडिलांची वायर उपटणारी पकड दिसते. तो दुसऱ्याची कॉइल काढून तिसऱ्यावर बसवतो, तिसऱ्याची दुसऱ्यावर, आकडा पुसतो आणि गाडी फिरवून आणतो. पुन्हा दिवा लागून पी ०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर चालत गेला, कॉइल बदला. दोष दुसऱ्या सिलिंडरवरच राहिला तर कॉइल निर्दोष; मग प्लग बघा, इंजेक्टर बघा, कॉम्प्रेशन बघा. कॉइलींच्या या अदलाबदलीला ना मीटर लागतो ना पैसे लागतात.

मीटरचं एक सांगायला हवं. कॉइल काढून टेबलावर ठेवली, जाड तारेचा रोध एखाद-दुसरा ओहम आला, बारीक तारेचा काही हजार आला, की पुष्कळजण ती पास करतात. आताच्या बऱ्याच कॉइलींच्या पोटात ट्रान्झिस्टर असतो, त्यामुळे मीटर धड उत्तरही देत नाही. पण मुख्य अडचण निराळी आहे. टेबलावर कॉइल थंड असते आणि तिच्यावर कसलाच भार नसतो. तिच्या आवरणातली केसाएवढी चीर तापल्यावर उघडते. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की सिलिंडरमध्ये दाब वाढतो, त्या दाबात ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि नेमकं तेव्हाच ते चिरेतून भलतीकडे पळतं. त्यात पावसाळा असला तर कोयनेकडची ओल त्याला वाट दाखवायला हजर असते. घाटमाथ्यावर चहा प्यायला थांबावं, इंजिन निवावं, आणि कॉइल पुन्हा शहाण्या मुलीसारखी वागू लागावी! गॅरेजमध्ये पोचेपर्यंत तक्रार सांगणाराच खोटा पडतो. आमचे थोरले मिस्त्री आता कामाला हात लावत नाहीत, खुर्चीत बसून ऐकतात, पण अशी थंड गाडी कुणी आणली की मुलाला एवढंच सांगतात, “आत्ता ती काय बोलायची न्हाई. तापू दे तिला, मग इचार.”

तर पिवळा दिवा नुसता लागला तर सवडीने गॅरेज गाठा. लुकलुकत असेल तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचला आणि गाडी बाजूला घ्या, कारण न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी महाग असतो. आणि कॉइल बदलणार असाल तर खालचे प्लगही बघून घ्या. झिजलेल्या प्लगमधली फट वाढलेली असते, ती ओलांडायला कॉइलला दर ठिणगीला जास्त जोर लावावा लागतो, आणि पुष्कळ कॉइली वयाने नव्हे तर त्या प्लगपायी जातात. चार प्लग एका कॉइलपेक्षा बहुधा स्वस्तच पडतात.