कतारमधील कतरण : सणाच्या गोधडीची शास्त्रोक्त रचना

धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती वस्त्रांचे थर एकावर एक पसरून ते धावदोऱ्याने, म्हणजे सुई खालीवर घेत सरळ रेषेत जाणाऱ्या टाक्यांनी, एकत्र बांधले की जे पांघरूण तयार होते त्यास गोधडी म्हणतात. महाराष्ट्रात ते थंडीचे वस्त्र मानले जात असले, तरी कतारच्या दोह्यात त्याची गणना उन्हाळी वस्तूंत करावी लागते, कारण जुलैत बाहेर पारा 45 अंशांवर चढतो तेव्हाच घरातला एसी 18 वर लावलेला असतो आणि सोफ्यावर बसलेला गृहस्थ नाक पुसत पांघरूण शोधू लागतो.

पहिली अडचण जुन्या कापडाची. सूक वाकिफ या दोह्यातल्या बाजाराच्या गल्ल्यांत कापडाचे तागे पुष्कळ असतात, परंतु ते नवे, म्हणजे गोधडीच्या दृष्टीने अपक्व. शिंप्याकडून कतरण, म्हणजे कात्रीखालून उरलेले तुकडे, मिळवावे (या शब्दाचा देशाच्या नावाशी संबंध नाही), तर त्यात अबायाचा, म्हणजे बायकांच्या वरवस्त्राचा, काळा आणि थोबचा, म्हणजे पुरुषांच्या पायघोळ अंगरख्याचा, पांढरा हे दोनच रंग प्राधान्याने सापडतात. राहिली गावाकडची लुगडी. पण बॅगेत त्यांची गाठ भाजणी, मेतकूट आणि लोणच्याच्या बरणीशी पडते, आणि वजनकाट्यापुढे लुगडे जिंकल्याची नोंद नाही. यावर उपाय एकच : बरणीच लुगड्यात गुंडाळून आणावी, आणि तेलाचा डाग पडलाच तर तेवढा भाग गोधडीतल्या संक्रांतीच्या चौकोनासाठी राखून ठेवावा, कारण हळदीकुंकवाच्या शेजारी तो खपून जातो.

यानंतर या गोधडीत कोणते सण घ्यायचे, हा तात्त्विक प्रश्न उद्भवतो. मराठी मनात सण आणि सुट्टी ही जोडगोळी पक्की असली, तरी कतारमध्ये तिची फारकत झालेली आहे. तेथे सरकारी सुट्टी दोन्ही ईदना असते, 18 डिसेंबरच्या राष्ट्रीय दिनाला असते (1878 साली शेख जासिम बिन मोहम्मद अल थानी यांनी सत्तासूत्रे हाती घेतली, त्याची ही आठवण), आणि 2012 पासून फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी क्रीडादिनालाही असते. सुट्टी हाच निकष धरला, तर दिवाळी गळून क्रीडादिन आत येतो, आणि पळण्याचे बूट पांघरून झोपणे मराठी घराला मानवणारे नाही. उलट सण हा निकष धरला, तर लक्ष्मीपूजन मंगळवारी आलेल्या घरात कर्ता पुरुष त्या दिवशी कचेरीत असतो आणि फराळाला माणसे जमतात ती शुक्रवारी. म्हणून प्रस्तुत पद्धतीत प्रत्येक सणाला, मराठी असो वा कतारी, एक चौकोन द्यावा, आणि दोन चौकोनांच्या मधली जोडपट्टी थोबच्या पांढऱ्या कतरणीची घेऊन तिला शुक्रवारपट्टी म्हणावे. कारण तेथे कोणताही सण दुसऱ्यापर्यंत शुक्रवार ओलांडल्याखेरीज पोहोचत नाही.

सर्वांत कठीण चौकोन राष्ट्रीय दिनाचा. कतारच्या ध्वजात पांढऱ्या भागाला नऊ दाते असून ते तपकिरी झाक असलेल्या गडद लाल रंगात शिरतात. चौकोन 9 इंचांचा घेतल्यास प्रत्येक दात्याचा पाया बरोबर 1 इंच येतो, येथवर गणित सुखाचे आहे. परंतु या ध्वजाची उंची आणि लांबी यांचे प्रमाण 11 : 28 असल्याने 9 इंच उंचीला लांबी जवळजवळ 23 इंच होते आणि चौकोनाऐवजी बाकावर घालायची पट्टी तयार होते, सबब प्रमाण सोडून द्यावे, दाते मात्र सोडू नयेत. तिकोनी दात्याच्या तिरक्या बाजू उरेब, म्हणजे कापडाच्या उभ्याआडव्या धाग्यांना तिरक्या, कापल्या जातात आणि उरेब कड नुसती चिमटीत धरली तरी ताणते. त्यात शिवणीसाठी चहूकडे पाव इंच कापड सोडावयाचे विसरल्यास दात्याचे टोक शिवणीत गडप होऊन त्याची दाढ होते. मोजणी दोनदा करावी. दाते पाच भरले आणि कापड नुसते लाल निघाले, तर तो बहारीनचा ध्वज ठरतो. कतारच्या ध्वजाचा चौकोन पायांकडे येऊ देऊ नये, असेही बजावणे आवश्यक आहे, जरी गोधडीला उशाकडची बाजू असते हे मुलांना आजवर कोणी पटवू शकलेले नसले.

इतर चौकोन सोपे. गुढीची काठी सरळ धाग्यात कापावी, अन्यथा ती झुकते. आकाशकंदिलाच्या शेपट्या मोकळ्या ठेवू नयेत, पायाचे बोट अडकते. रमजानच्या मध्यावर गरंगाओच्या रात्री शेजारची मुले गळ्यात कापडी पिशव्या अडकवून सुकामेवा आणि गोळ्या गोळा करीत हिंडतात. तशी एखादी फाटकी पिशवी मिळाली, तर तिला कात्री न लावता अख्खीच टाचावी, म्हणजे खिसा आयता होतो आणि एसीचा रिमोट त्यात राहतो.

शेवटी रंगाविषयी. कतारमधल्या अल खोर शहराजवळच्या बेटावर इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात समुद्री शंखांपासून जांभळा रंग काढीत असत, असे उत्खननातून दिसून आले आहे. अशा शंखांच्या रंगाची ख्याती तो जात नाही अशीच होती. बाजारातील गडद लाल कापडाची ख्याती तशी नाही. ते आधी मिठाच्या पाण्यात भिजवून, पिळून, पुन्हा भिजवून, पाणी नितळ येईपर्यंत धुवावे. हा टप्पा घाईत वगळला गेल्यास पहिल्या धुण्यातच सगळे शुक्रवार गुलाबी होतात.