गियरदादूस

गियरदादूसांच्या मते देवाने माणसाला डावा पाय दिला तो क्लच दाबायला. चालणे, उभे राहणे, पंगतीत मांडी घालणे ही त्या पायाची जोडकामे. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले आणि त्यानंतर लवकरच दादूस ट्रेलरवर चढले. उतरले ते निवृत्त होऊन. चाळीस फुटी कंटेनर मागे लावलेला घोडा ते यार्डाच्या अरुंद गेटातून आरशात बघत उलटा आत नेत, आणि क्लीनरला तोवर विडी ओढायची मुभा असे. त्यांचे पाळण्यातले नाव मतदार यादीत असेल. बंदराजवळच्या जासईत ते गियरदादूस.

हा माणूस एकट्या जासईत आहे असे नव्हे. गव्हाण फाट्यापासून करळ फाट्यापर्यंत जेवढ्या चहाच्या टपऱ्या, तेवढे गियरदादूस. ओळखायची खूण सोपी. त्याला आपल्या गाडीत शेजारी बसवावे. पुढच्या गाडीचा लाल दिवा लागला की त्याचा डावा पाय पायपुसणीत रुततो. इंजिनाचा सूर चढला की तो पुटपुटतो, ‘टाक, टाक, थर्ड टाक.’ आपण टाकला तर मान डोलवतो, नाही टाकला तर खिडकीबाहेर बघतो. ते बाहेर बघणे शिवीपेक्षा वाईट.

अशा घरात मुलाने सीव्हीटी गाडी आणली. नारळ फुटला, हार घातला, पेढे वाटले, आणि मग दादूसांनी आत डोकावून विचारले, “गियर किती?”

“एकपन नाय, बाबा. आनि म्हटलं तं किती पन.”

मुलाने समजावून सांगितले. आत दोन पुली, प्रत्येक पुली दोन शंकूंची, मधून पट्टा. एका पुलीचे शंकू जवळ आले की पट्टा वर चढतो, दुसऱ्या पुलीचे दूर सरकले की तिथे तो खाली उतरतो. त्यामुळे गियर पायरीपायरीने बदलत नाही, सरकत राहतो.

“मंग फर्स्टमधून सेकंडमधी जाते कवा?”

“जात नाय.”

“आनि थर्ड?”

“बाबा, सगलं एकच हाय.”

“एकच हाय तं पैसे कशाला जास्ती मोजलंस?”

यावर मुलाकडे उत्तर नव्हते. शोरूमवाल्याकडेही नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादूस स्वतः चाकामागे बसले. सून शेजारी, मी मागे. गाडी ‘डी’मध्ये टाकून ब्रेकवरचा पाय उचलला तशी ती ॲक्सिलरेटर न देताच हळूहळू पुढे सरकू लागली. परवानगीशिवाय चालू लागलेल्या गाडीकडे दादूसांनी संशयाने पाहिले. गावातला रस्ता संपून हमरस्ता लागला, समोर एक ट्रेलर वळत होता. दादूसांच्या मेंदूने सवयीप्रमाणे हुकूम सोडला, ‘क्लच!’ डावा पाय त्याच्या जुन्या जागी, जुन्या जोमाने गेला. तिथे क्लच नव्हता. तिथे ऑटोमॅटिक गाडीचा तो ऐसपैस, दोन पावले मावतील एवढा ब्रेक होता. गाडी खिळली. माझे नाक पुढच्या सीटला टेकले, सुनेचा डबा डॅशबोर्डवर गेला, आणि मागच्या टेम्पोने हॉर्नवर जो हात ठेवला तो उचललाच नाही. सूनबाई एका सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनरच्या मालगोदामात, कामाला आहेत, रोज शंभर ड्रायव्हरांशी हुज्जत घालतात. त्यांनी डबा उचलला आणि शांतपणे म्हटले, “बाबा, डावा पाय सीटखाली घ्या आनि तिथंच ठेवा.” दादूसांनी घेतला. पण चेहरा असा, की जणू कोणी कामावरून कमी केले.

त्यांची खरी तक्रार मात्र वेगळी होती. “धक्काच देत नाय,” ते म्हणाले. “गारीनं काय केलं ते मना कलत नाय.”

आम्ही हसलो. पण जासईच्या माणसाचे हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखे नाही. या पट्ट्यातल्या माणसांना आयुष्यात जे मिळाले ते धक्क्यानेच मिळाले. प्रकल्पांसाठी जमीन गेली ती गोड शब्दांत गेली. १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे सूत्र मान्य झाले. त्यामुळे गुळगुळीत बोलणारा साहेब आला की गाव सावध होते, आणि आवाज न करता चालणारी गोष्ट दिसली की दादूस तिच्याखाली वाकून बघतात. धक्का बसला म्हणजे काम झाले, हा त्यांचा अनुभव आहे. गियरबॉक्सलाही त्यांनी तोच नियम लावला, एवढेच.

या नियमाची परीक्षा रोज होत होती. गव्हाण फाट्यावर कोंडी झाली की ट्रेलरांच्या दोन भिंतींमध्ये गाडी तासभर मुंगीच्या पावलाने सरकते. हाफ क्लचवर पाय ठेवून गुडघा कसा भरतो ते तिथे अडकलेल्यालाच ठाऊक. सीव्हीटीचे सगळे पुण्य अशा जागी फळाला येते. ब्रेक सोडला की सरकली, दाबला की थांबली, ना हिसका ना गुडघेदुखी. एएमटी गाडीत गियरपेटी साधीच असते आणि क्लच यंत्र दाबते, म्हणून गियर बदलताना मान डुलते. इथे मान स्थिर. एवढी स्थिर, की दादूस गव्हाण फाट्यावर झोपले ते थेट पनवेलला जागे झाले. डोळे चोळत त्यांनी निकाल दिला, “गारीत जीव नाय.”

अटल सेतूवर मात्र त्यांच्या बोलण्यात तथ्य सापडले. सेतूचे अलीकडचे टोक चिर्ल्याला, म्हणजे जासईच्या अंगणातच. जानेवारी २०२४मध्ये तो खुला झाला तेव्हापासून पाहुणे आले की त्यांना सेतू दाखवून आणणे हा इथला कुळाचार झाला आहे. चढ संपून सरळ पूल लागला, पुढे शंभरची मर्यादा दिसली, मुलाने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन एकदम ओरडले आणि त्याच सुरात ओरडत राहिले. काटा मात्र सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी असा सवडीने चढत होता. दादूस म्हणाले, “वरातीत बँजो पुढं आनि नवरा मागं, तशी गत हाय.”

रबर बँड इफेक्ट म्हणतात तो हाच. त्यात बिघाड काही नाही. जोर हवा असे कळताच ही यंत्रणा इंजिनाला त्याच्या सर्वांत ताकदीच्या फेऱ्यांवर नेऊन बसवते आणि मग पुली सरकवत वेग वाढवते. साध्या गियरच्या गाडीत सूर चढतो, पडतो, पुन्हा चढतो, आणि त्या चढउतारावरून ड्रायव्हरला वेगाचा अंदाज येतो. इथे सूर तोच आणि वेग वेगळा, म्हणून कान आणि डोळे यांचे पटत नाही. लोकांची ही कुरकुर ऐकून कंपन्यांनीच पुढे खोट्या पायऱ्या घातल्या. गरज नसताना यंत्रणा मुद्दाम थांबत थांबत सरकते, म्हणजे गियर पडल्यासारखे वाटावे. हे कळल्यावर दादूस खूश झाले. “म्हंजे त्यांना पन धक्का लागतोच की!”

तरी पट्ट्यावरचा त्यांचा राग जाईना. पट्टा पिठाच्या गिरणीला असतो, गाडीला नसतो. तुटला की गाडी भंगारात. अशात एकदा सुनेची स्कूटर घरघरायला लागली म्हणून मेकॅनिक दारात आला. त्याने डाव्या बाजूचे झाकण खोलले. आत काळी भुकटी साचलेली, पुढे एक पुली, मागे एक पुली, मधून दातेरी रबरी पट्टा. पुढची पुली उघडून त्याने आतले सहा रोलर तळहातावर घेतले. गोल असायचे ते एका अंगाने चपटे झाले होते. इंजिन जोरात फिरले की हे रोलर बाहेर फेकले जातात, पुलीचा शंकू ढकलतात, पट्टा वर चढतो. “झिजलेत,” मेकॅनिक म्हणाला, “बाकी मस्त हाय.”

सूनबाईंनी ती पुली सासऱ्यांपुढे धरली. “बाबा, हीच सीव्हीटी. तुमच्या कायनेटिक होंडात पन हीच होती.”

हा वार वर्मी होता. कायनेटिक होंडा १९८४ साली बाजारात आली, बिनगियरची, बटनावर सुरू होणारी. दादूसांनी पुढे एक जुनी घेतली होती आणि तिच्यावर बसून त्यांनी उरणचा बाजार, नातेवाइकांच्या हळदी आणि सासुरवाडी अशी सगळी तीर्थे केली. ट्रेलरवरून दमून उतरलेल्या त्यांच्या डाव्या पायाला विश्रांती मिळायची ती तिच्यावरच. म्हणजे ज्या पट्ट्याला ते शिव्या देत होते त्याच पट्ट्यावर त्यांचा संसार झाला होता. दादूसांनी रोलर हातात घेतला, अंगठ्याने त्याची चपटी बाजू चाचपली आणि म्हणाले, “ती स्कूटर. तिला गारी कोन बोलतंय?”

मग मी मोटारींच्या इतिहासाकडे वळलो. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली पट्ट्याची मोटार आणली. तिच्या रचनेमुळे ती जेवढ्या वेगाने पुढे जाई तेवढ्याच वेगाने मागेही जाई, आणि तिकडे लोकांनी त्या गाड्यांच्या उलट्या शर्यतीही लावल्या. दादूस खुर्चीत सरसावले. उलटी गाडी हा त्यांचा प्रांत. “रिव्हर्समधी? फुल पिकअप?” त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. पुढे मी सांगितले, की विल्यम्स संघाने १९९३ साली फॉर्म्युला वनच्या गाडीत सीव्हीटी बसवून चाचणी घेतली, पण १९९४च्या नियमांत तिला जागाच ठेवली नाही. दादूसांनी क्षणभरही विचार केला नाही. “जिंकनार होती म्हनून बंद केली. आमाला नको सांगू, आमी हे लय बघितलंय.” त्या दिवसापासून सीव्हीटी त्यांच्या लेखी प्रकल्पग्रस्तांत जमा झाली.

पट्ट्याबद्दलचा गैरसमजही निम्मा सुटला. मोटारीतला पट्टा बहुधा पोलादी असतो: पातळ पोलादी कड्यांवर शेकडो चकत्या दाटीने ओवलेल्या. तो पुलीला ओढत नाही, चकत्या एकमेकींना ढकलत जोर पोचवतात. “ढकलनारा पट्टा?” आयुष्यभर घोड्याला कंटेनर ओढताना पाहिलेल्या माणसाला हे पटणे कठीण होते. पण जहाजावरच्या भाच्याने त्यांना दुसरी बाजूही पुरवली होती. अमेरिकेत निसानच्या सीव्हीटींनी गिऱ्हाइकांना असे रडवले की कंपनीला वॉरंटी वाढवावी लागली, प्रकरणे कोर्टात गेली. तेही खरेच. आणि जपानच्या चिमुकल्या मोटारी वर्षानुवर्षे याच गियरबॉक्सवर चालताहेत, हेही खरे. फरक पडतो तो उष्णतेने आणि तेलाने. या पेटीत तेल नुसते वंगण नसते. त्याच्या दाबावर पुली पट्ट्याला चिमटीत धरते. भलतेच तेल घातले की पकड सुटते, पट्टा घसरतो, पुलीवर चरे पडतात, आणि मग दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस बसतो. बंद पडलेली गाडी पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढत नेणेही तिला मानवत नाही.

हे मी सांगत असताना दादूस गप्प होते. त्या गप्पपणाचे कारण मुलाने नंतर सांगितले. आदल्याच आठवड्यात ते यार्डातून नव्वद नंबरचे गियर ऑइल डबाभर घेऊन आले होते, ‘जरा घट्ट तेल पडूदे, आवाज बसेल’ म्हणून. बॉनेट उघडून तासभर शोधले, पण बऱ्याच सीव्हीटींप्रमाणे या गाडीलाही तेल बघायची पट्टीच नव्हती. गाडी वाचली ती एवढ्यावरच.

चैत्रात सगळे कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला गेले. बोरघाट गाडीने कुरकुर न करता चढला. परतताना उतारावर मात्र सूनबाई सारख्या ब्रेकवर होत्या, आणि तिथे दादूसांचे ज्ञान कामी आले. “ज्या गियरात चढलास त्याच गियरात उतर, ब्रेक तापवू नको.” गियर कुठला, हा प्रश्न होताच. सूनबाईंनी दांडी ‘एल’वर ओढली, इंजिनाने गाडी मागे धरली, वेग आपोआप बसला. दादूसांना ते पोटात जाणवले. सबंध घाट उतरेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. खिडकीबाहेरही बघितले नाही.

परवा टपरीवर गावातला एक पोरगा सल्ला विचारायला आला. त्याला विजेवरची गाडी घ्यायची होती. आता बंदरात ट्रकसुद्धा विजेवर येऊ लागले आहेत, मग आपण का मागे राहावे?

“गियर किती?” दादूसांनी विचारले.

“एकच, दादूस. तो पन बदलत नाय.”

“क्लच?”

“नाय.”

“पट्टा?”

“नाय.”

“आवाज?”

“अजिबात नाय!” पोरगा अभिमानाने म्हणाला.

दादूसांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. “माजं ऐक. सीव्हीटी घे. पट्टा हाय, पुली हाय, तेल हाय, सेतूवर जरा बोंबलते पन. बिघरली तं काय बिघरलं ते चार मानसांत सांगता तरी येतं.”