आधीचंच बरं होतं

सिनेमा संपून दिवे लागायच्या आत काही माणसांचं मत तयार होतं. आमच्या आप्पांचं मत सिनेमा सुरू व्हायच्या आतच तयार असतं. मधले दोन तास ते फक्त पुरावे गोळा करतात.

आप्पा जुन्या नाशकातले. नव्वदच्या दशकात खांद्यावर व्हीएचएस कॅमेरा आणि मागे हॅलोजन धरलेला पोरगा, अशा थाटात त्यांनी निम्म्या जिल्ह्याची लग्नं शूट केली. त्यांच्या कॅसेटमध्ये नवरानवरी कमळातून उमलायची, सप्तपदीला बदामात बसून गोल फिरायची आणि पाठवणीच्या वेळी नवरीच्या डोळ्यांतलं पाणी स्लो मोशनमध्ये पुन्हा पुन्हा खाली यायचं. वर शहनाई. आता दुकानात पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि आधार कार्डाचं लॅमिनेशन चालतं. पण 'लाइनीतला माणूस' ही पदवी काही उतरली नाही, आणि तिच्या जोरावर ते आमच्या गल्लीचे समीक्षक झाले.

थिएटरात त्यांना कडेची खुर्ची लागते. बोअर झालं तर उठून जाता यावं म्हणून. उठून गेलेले मात्र कोणी पाहिलेले नाहीत, कारण शेवटपर्यंत बसल्याशिवाय शेवट फसलाय हे ठामपणे सांगता येत नाही. पडद्यावरचा माणूस दार उघडून बाहेर गेला, की सगळं थिएटर त्याच्या मागे जातं. आप्पा दाराशी थांबतात. मगाशी ते आतल्या बाजूला उघडत होतं. "जंप आहे," असं ते पुटपुटतात. पुढच्या रांगेतली बाई पाय वर घेते.

2025 च्या फेब्रुवारीअखेर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' लागला. रीमा कागती यांचा सिनेमा, लेखन वरुण ग्रोवर यांचं. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणारा नासिर नावाचा एक पोरगा मित्रांना गोळा करून गावातल्या गावात 'शोले' काढतो, त्याची ही गोष्ट. आपल्याच जिल्ह्यातली, आणि त्यातही कॅमेऱ्याची, त्यामुळे आप्पांनी ती घरची पत्रिका आल्यासारखी मनावर घेतली. वहिनींना आणि मला सोबत नेलं. जाताना रिक्षातच म्हणाले, "मुंबईवाल्यांनी काढलाय ना? मग गोड करून टाकला असणार."

मध्यंतरात ते समोशाची पुडी हातात धरून म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं? गोड करून टाकलाय."

उत्तरार्धात शफीकचं आजारपण येतं. शफीक म्हणजे मागावर काम करणारा काटकुळा पोरगा, ज्याला शेवटी हे मित्र सुपरमॅन करतात. शशांक अरोराने हे काम असं केलंय, की वहिनींनी पदर डोळ्यांना लावला तो श्रेयनामावली संपेपर्यंत काढला नाही. आप्पा बाहेर येताच म्हणाले, "म्युझिक टाकून रडवलं. चीटिंग आहे."

"आणि पाठवणीला तुम्ही काय टाकत होतात?" वहिनींनी विचारलं.

"ती पार्टीची डिमांड होती."

मी म्हटलं, मला आवडला. थोडा तुपट आहे, पण आवडला. यावर आप्पांनी खांद्यावर हात ठेवला. हात खांद्यावर आला, की समजावं आपल्याला आता एक मजला खाली नेण्यात येणार आहे. "तू डॉक्युमेंटरी बघितली नाहीस," ते म्हणाले. "ती बघ. आधीचंच बरं होतं."

आप्पांचा खरा त्रास इथे आहे: ते बहुतेक वेळा बरोबर असतात. फैजा अहमद खान यांची 2008 ची 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही डॉक्युमेंटरी खरोखरच वरच्या दर्जाची आहे. खरा नासिर शेख, खरा शफीक, खरे यंत्रमाग. मालेगावात मागांना सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी अख्खं गाव सिनेमाला लोटतं, आणि त्याच गावातली चार डोकी ठरवतात, की आता आपण 'मालेगाव का सुपरमॅन' काढायचा. उडणारा सुपरमॅन दाखवायचा तर क्रोमा पाहिजे, म्हणून हिरवं कापड येतं. ट्रॉली परवडत नाही, म्हणून सायकल कामाला येते. नायिका गावातली मिळत नाही, कारण घरचे पाठवत नाहीत, म्हणून ती बाहेरून आणावी लागते. खलनायकाला घाणीचं प्रेम, आणि सुपरमॅनला मालेगावच्या हवेत दम लागतो. शफीक त्या निळ्या कपड्यांत उभा राहिला, की हसू येतं. मग तो बोलायला लागतो आणि आपण हसलो त्याचं जरा वाईट वाटतं. चालू शूटिंगमध्ये त्याचं लग्नसुद्धा उरकतं. एके ठिकाणी तर कॅमेराच पाण्यात पडतो. होता तो एकच.

हे मी आप्पांच्या दुकानात बसून, त्यांच्याच कॉम्प्युटरवर बघितलं. मधे एक जण आधारची झेरॉक्स काढायला आला होता, तोही उभ्याउभ्या बघत राहिला. कॅमेरा पाण्यात पडला तेव्हा आम्ही दोघं हादरलो. आप्पा शांत. "पाण्याचा शॉट घेताना कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळायचा असतो," ते म्हणाले. "बेसिक आहे." त्या माणसाने दोन रुपये ठेवले आणि बाकीचं बघायला स्टुलावर बसला.

आता इथे कोणालाही वाटेल, की आप्पांना डॉक्युमेंटरी आवडते. मलाही वाटलं. संपल्यावर मी मनापासून म्हटलं, "आप्पा, काय कमाल आहे हो!" झालं. हात पुन्हा खांद्यावर.

"बरी आहे. पण ही बाहेरून आलेल्यांची नजर झाली. ती पोरं करतायत आणि हे त्यांच्याकडे बघतायत. तू मूळ माल बघितलास का? 'मालेगाव के शोले'?"

म्हणजे आणखी एक मजला खाली. 'मालेगाव के शोले' 2000 सालचा. खर्च साधारण पन्नास हजार रुपये सांगतात. तेवढ्यात तेव्हा आप्पांकडे सात-आठ लग्नं व्हायची, हे आप्पांनीच सांगितलं. डाकूंना घोडे परवडले नाहीत म्हणून डाकू सायकलवर येतात. दोन व्हीसीआर समोरासमोर ठेवून एडिटिंग. माणसं गावातली, बोली गावातली, जागा गावातल्या, आणि गावात तो खरोखर चालला. यातल्या सायकलींना वहिनी इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. आप्पा पाण्याचा पेला हातात देता देता म्हणाले, "घोड्याची ग्रेस सायकलला येत नाही."

"पैसे नव्हते हो त्यांच्याकडे."

"म्हणून तर म्हणतो, मूळ 'शोले' बघ."

मग 'शोले'. 15 ऑगस्ट 1975, सत्तर एमएम, रमेश सिप्पी, बेंगळुरूजवळच्या रामनगरचे खडक. सुरुवातीला समीक्षकांनी आणि धंद्यातल्या जाणत्यांनी हा सिनेमा पडला म्हणून सांगून टाकलं होतं. ही गोष्ट आप्पा फार चवीने सांगतात. "एकालाही कळलं नाही! मी पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं." पहिल्या आठवड्यात आप्पा तिसरीत होते. पण तो मुद्दा गौण. महत्त्वाचं हे, की 'शोले'वरही ते फार वेळ थांबत नाहीत. तिथून कुरोसावा, 1954 चा 'सेव्हन सामुराई'. गाव वाचवायला भाड्याने माणसं आणण्याची कल्पना तिथली, तेव्हा आधीचंच बरं. आणि कुरोसावा? "तो जॉन फोर्डच्या वेस्टर्नवर वाढलेला." आणि फोर्ड? इथे आप्पा चहा मागवतात.

हा माणूस चांगलं सोडून वाईटाच्या मागे लागलेला आहे असं अजिबात नाही. उलट त्याला चांगल्याची पारख आहे, फक्त ते चांगलं नेहमी तुम्ही बघितलेल्याच्या पलीकडचं असतं. पलीकडचं बघून परत आलात, की ते अलीकडचं होतं. मिशेल गॉन्ड्रीचा 2008 चा 'बी काइंड रिवाइंड' तुम्हाला आवडला असं चुकून सांगा. त्यात व्हिडिओच्या दुकानातल्या कॅसेटी पुसल्या जातात आणि दुकानातले दोघे ते सिनेमे हाताने पुन्हा शूट करून गिऱ्हाइकांना देतात. आप्पा म्हणतील, "मालेगाववाले हे आठ वर्षं आधीच करत होते." आणि मालेगाव आवडलं म्हणालात, तर गॉन्ड्रीच्या कार्डबोर्डच्या कारागिरीवर पंधरा मिनिटं ऐकावी लागतील. वहिनी याला 'उलटा पंखा' म्हणतात.

नाशिककर म्हणून एक परीक्षा आप्पांना टळत नाही, ती म्हणजे दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरचा माणूस, हौशी सिनेमावाल्यांचा मूळ पुरुष. परेश मोकाशींच्या 2009 च्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'वर अनेकांचं म्हणणं होतं, की फाळक्यांच्या हालअपेष्टा फार हसतखेळत दाखवल्या. आप्पांचंही तेच. "विम्याची पॉलिसी गहाण, घरातलं सामान विकलं, डोळ्यांवर बेतलं, आणि हे लोक गंमत करतात." मला हे पटत नाही. वाटाण्याला कोंब कसा फुटतो ते एकेक फ्रेम टिपत बसणारा माणूस, तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना साडी नेसवणारा माणूस, तो रडत रडत हे करेल कसा? ज्याला मजा येत नाही तो सिनेमा पुरा करत नाही. हे मी बोललो आणि बोलल्यावर लक्षात आलं, की आप्पांच्या घरात हे वाक्य बोलायचं नसतं.

कारण आप्पांचा एक सिनेमा आहे.

माळ्यावर, लग्नांच्या खोक्यात, एका कॅसेटवर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं आहे: 'शोध – भाग 1 – पुसू नये'. पंचाण्णव साली गंगापूर धरणाच्या बाजूला शूट केलेला. हिरो मेव्हणा, हिरोईन ठरायची होती. वीसेक मिनिटं झाली, मग लग्नसराई आली, मग मेव्हण्याला अंबडला कंपनीत नोकरी लागली. आप्पांनी कॅसेटची मागची प्लॅस्टिकची पट्टी तोडून ठेवली होती, म्हणजे वर कोणी रेकॉर्ड करू नये. पण त्या जागी सेलोटेप लावला की रेकॉर्डिंग होतं, हे घराघरातल्या पोरांना तेव्हा ठाऊक होतं. शहाण्णवच्या मार्चमध्ये कोणीतरी सेलोटेप लावला. आता त्या कॅसेटवर धरणाकाठी मेव्हणा क्षितिजाकडे बघत उभा राहतो, पडदा थरथरतो, आणि ईडन गार्डनवरची भारत-श्रीलंका सेमीफायनल सुरू होते. प्रेक्षकांनी बाटल्या फेकून बंद पाडलेली. शेवटी विनोद कांबळी रडत बाहेर येतो.

दर मे महिन्यात वहिनी ते खोकं गच्चीवर काढतात. कॅसेटला बुरशी धरते. एकेक कॅसेट उघडून मऊ फडक्याने पुसायची, सावलीत वारं द्यायचं. "सरस्वतीबाई फाळके रात्र रात्र फिल्मला भोकं पाडत होत्या आणि सगळ्या ताफ्याचा स्वयंपाक करत होत्या," एकदा त्या फडकं झटकत म्हणाल्या. "त्यांचा सिनेमा 3 मे 1913 ला लागला तरी. मी आमच्या कॅमेरामनची बुरशी पुसतेय." आप्पा टाकीपाशी उभे राहून पाण्याची पातळी तपासत होते.

आप्पांना मी कधीतरी विचारलं होतं, मालेगाव शंभर किलोमीटरवर आहे, व्हिडिओ पार्लरचा तोच काळ, व्हीसीआर तुमच्याकडेही दोन होते, मग तुम्ही कधी त्या पोरांना भेटायला का गेला नाहीत? त्यांनी पुष्कळ कारणं दिली. लग्नाच्या तारखा, एसटीचं वेळापत्रक, हॅलोजनचा पोरगा पळाला. धुळ्याला जाताना गाडी मालेगावात थांबते तेवढं बघितलंय म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि त्यानंतर म्हणाले, "नासिरची फ्रेमिंग मात्र कच्ची आहे."

अलीकडे त्यांनी नातवाच्या मोबाइलवर एक व्हिडिओ केला. गच्ची, वाळत घातलेले पापड, एक कावळा. दोन मिनिटांचा. कावळा पापडाकडे बघतो, कॅमेरा कावळ्याकडे, शेवटी पापड जातो. सगळ्या गल्लीने बघितला. मी म्हटलं, आप्पा, झकास. वहिनीही म्हणाल्या, छान झालाय. आठ वर्षांचा नातू खुर्चीवर पाय दुमडून बसला होता. त्याने आजोबांच्या खांद्यापर्यंत हात नेला आणि म्हणाला, "आजोबा, आधीचा टेक बरा होता."

'सुपरमेन ऑफ मालेगाव' जेमतेम तासाभराची आहे. कुठे मिळाली तर जरूर बघा, आणि आप्पांना फोन करायचाच असेल तर बघून झाल्यावर करा. आधी केलात तर कुरोसावापासून सुरुवात करावी लागेल.