तुमचा काय संबंध?

शेवटच्या वर्षी टिप्याला ऐकू येईनासं झालं आणि त्यामुळे आयुष्यातली एक सुखाची दिवाळी त्याच्या वाट्याला आली. आधीच्या तेरा दिवाळ्या त्यानं पलंगाखाली थरथरत काढल्या होत्या. 2022 साली मात्र खाली लवंगी माळा तडतडत होत्या आणि हा हॉलच्या मधोमध चारी पाय पसरून घोरत होता. गळ्यातली घंटी तेवढी श्वासागणिक किणकिणायची.

त्या नरक चतुर्दशीला मी उटणं लावून बसलो असताना दारावरची बेल वाजली. बाहेर आमच्या पनवेलच्या सोसायटीचा नेपाळी वॉचमन. एका हातात झेंडूची माळ, दुसऱ्या हातात वाटीभर कुंकू कालवलेले तांदूळ. म्हणाला, “काका, टिप्या को उठाव. आज कुकुर तिहार है.” नेपाळात हा दिवस कुत्र्यांचा. त्यांना माळ घालायची, टिळा लावायचा, गोडधोड खाऊ घालायचं. आपल्याकडे दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात, खंडोबाबरोबर असतो, पण त्यांच्यासाठी वेगळा सण काढावा हे काही आपल्याला सुचलं नाही. बैलाला पोळा दिला, नागाला पंचमी दिली, कुत्र्याला शिळी पोळी. टिप्या उठला, टिळा लावून घेतला, अनारसा खाल्ला आणि माळेसकट परत झोपला.

वॉचमनला सगळे बहादूर म्हणतात. ते त्याचं नाव नाही. खरं नाव मला कळायला नऊ वर्षं लागली. टिप्याचं नाव त्याला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं.

दिवाळीनंतर पंधरवड्यानं टिप्या गेला. नेऱ्याकडे एका मित्राची वाडी आहे, तिथे आंब्याखाली त्याला ठेवून आलो. खड्डा खणायला वॉचमन बरोबर आला होता. शेजारचे गृहस्थ भेटायला आले, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, “एवढं काय मनाला लावून घेता? शेवटी कुत्राच होता. तुमचा काय रक्ताचा संबंध होता?” ते माणूस म्हणून चांगलेच आहेत. मी त्यांना फक्त दुसरं बिस्किट विचारलं नाही.

अडचण रात्री दहाची होती. चौदा वर्षं मी दहाला खाली उतरत होतो. टिप्या गेल्यावरही पाय उतरलेच. पण पट्टा हातात नसलेला माणूस रात्री पार्किंगमध्ये घुटमळताना दिसला की लोक संशयानं बघतात. मग मी वॉचमनच्या केबिनमध्ये बसू लागलो. तो मोबाइलवर काठमांडूच्या बातम्या लावून बसलेला असे. 20 नोव्हेंबरला तिकडे मतदान होतं.

हळूहळू मलाही त्यातलं समजू लागलं. जागा 275, त्यांतल्या 165 थेट मतदानानं, 110 पक्षांना पडलेल्या मतांच्या प्रमाणात. काँग्रेस तिथेही आहे, पण तिची निशाणी झाड. त्याला ते ‘रूख’ म्हणतात, आपल्या जुन्या मराठीसारखंच. एमाले या कम्युनिस्ट पक्षाचा सूर्य, माओवाद्यांचा तेव्हा विळा-हातोडा. कागदी मतपत्रिकेवर स्वस्तिकाचा शिक्का मारायचा. शिक्क्याचं ऐकून मला पार्किंगकडे बघवेना. टिप्यानं तिथला एकही खांब कधी मतदानावाचून सोडला नव्हता.

वॉचमनचा जीव होता घंटीवर. घंटी ही राष्ट्रीय स्वतंत्र पार्टीची निशाणी. त्याच वर्षी निघालेला पक्ष, नेता रवी लामिछाने, पूर्वाश्रमीचा टीव्हीवाला. पण वॉचमनला मत देता येणार नव्हतं. परदेशातल्या नेपाळ्यांना मतदानाची सोय करून द्या, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये सांगितलं होतं. सोय पनवेलपर्यंत पोचली नव्हती. गावी जायचं तर दिल्ली, बनबसा, महेंद्रनगर आणि पुढे अछामचे डोंगर चढणारी बस. हातात रजा होती चार दिवसांची.

मतमोजणी सुरू झाली आणि मी सकाळी चहाबरोबर आकडे बघू लागलो. बायको म्हणाली, “अहो, नेपाळात कोण का येईना, तुमचा काय संबंध?” एका महिन्यात हा प्रश्न दुसऱ्यांदा आला होता. मी म्हटलं, इथे तरी काय आहे बघायला? पनवेल महापालिकेची पहिली निवडणूक 2017 च्या मेमध्ये झाली, या जुलैत मुदत संपली, प्रशासक आले. अंधेरीच्या पोटनिवडणुकीत ‘नोटा’ दुसरा आला. ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्यानं शेजारच्या फोडणीचा वास घेतला तर बिघडलं कुठे? हे उत्तर मला फारच आवडलं. बायकोनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि टिप्याची वाटी उचलून वरच्या फळीवर ठेवली. ती तोवर जमिनीवरच होती.

निकाल लागला. काँग्रेस 89, एमाले 78, माओवादी 32, घंटी 20. नव्या पक्षाला पहिल्याच खेपेला वीस म्हणजे थोडं नव्हे. नाताळात मात्र तिसऱ्या क्रमांकाच्या माओवाद्यांचे नेते प्रचंड काँग्रेसची साथ सोडून एमालेच्या पाठिंब्यानं पंतप्रधान झाले. “काका, बत्तीस वाला पीएम!” वॉचमन थक्क. मी मात्र अजिबात दचकलो नाही. 2019 पासून महाराष्ट्रात राहणाऱ्याला हे गणित तोंडपाठ असतं. त्या रात्री मी त्याला पहाटेचा शपथविधी, सुरत आणि गुवाहाटी समजावून सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आप लोग का बड़ा देश है.”

वीस जागांच्या आनंदात त्यानं माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती. मी आधी नाही म्हणालो. दोन दिवसांनी नेऊन दिली.

आता टिप्याच्या गळ्यातली घंटी केबिनच्या दाराला बांधलेली आहे. सोसायटीत कुणी विचारलं तर तो सांगतो, टिप्याची आहे. परवा मी उतरलो तेव्हा तो गावच्या माणसांशी व्हिडिओ कॉलवर होता, मोबाइल घंटीपुढे धरून, हसत हसत भराभरा काहीतरी सांगत होता. मला दोनच शब्द कळले: घण्टी आणि कुकुर.